आधीच्यापेक्षा मोठा आकडा

खोपट, ठाणे
३ जुलै २०२५

पमू,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे. फोनवर तुझं ते कानातलं मशीन शीळ घालतं आणि तू नुसती "हो हो" म्हणत राहतेस. परवा मी विचारलं, जेवलीस का? तू म्हणालीस, मंगळवारी. म्हणून म्हटलं, आपलं पत्रच बरं.

निशाच्या वर्षश्राद्धाला भेटलो, त्याला आता दोन वर्षं होतील. ठाणे ते ठाकुर्ली अर्ध्या तासाचा रस्ता. पण तुझ्या घरी गीतेच्या वर्गाच्या बायका, माझ्या घरी लेक केदार, सून समृद्धी, नात अंतरा. रात्री सगळे टेबलाभोवती बसतो तेव्हा तर विचारू नकोस, नुसता कालवा. सवड कोणाला आहे?

काल नातीला विचारलं, "अंतरा, कोटीच्या पुढे काय गं?" म्हणाली, "आबा, बिलियन." मी म्हटलं, कोणाचा बिलियन, इंग्रजांचा की जर्मनांचा? तोवर तिने कानात बोंडं घातली होती. मग एकदम कल्याणचं घर आठवलं. दिवेलागणीला भाऊ आपल्याला परवचा म्हणायला बसवायचे. पाढे झाले की एक, दश, शत, सहस्र, थेट परार्धापर्यंत. आठवतंय?

तर पैज लावू. प्रत्येक पत्रात एक आकडा, आधीच्यापेक्षा मोठा. भाषा कुठलीही चालेल, पण नाव खरं पाहिजे, माणसांच्या तोंडातलं. "त्याहून एक जास्त" असली लबाडी नाही. ज्याला पुढचं नाव सुचणार नाही तो हरला. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घरी यायचं, हातात काहीतरी गोड घेऊन. सबब ऐकली जाणार नाही. तू आत्तापासून पिशवी भरून ठेव.

सुरुवात सोपी करतो. आईने लाखाच्या वाती केल्या होत्या ना, तुझ्या कापूस पिंजून पिंजून शिंका निघाल्या होत्या. माझ्याकडून: लाख.

दादा


ठाकुर्ली
१४ जुलै

दादा,

साष्टांग नमस्कार. हल्ली तो कागदावरच बरा घालता येतो.

तुझं पत्र सहा दिवसांनी आलं. अर्ध्या तासाच्या रस्त्याला सहा दिवस, म्हणजे पोस्टाने ते कल्याणवरून पुण्याला फिरवून आणलेलं दिसतंय. आणि अक्षर केवढं काढलंयस रे! एका ओळीत चार शब्द. सही तर पाटीवर रंगवल्यासारखी. वागळे इस्टेटमध्ये साहेब होतास, तो तोरा अजून उतरला नाही वाटतं. मी चाळीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, अशा अक्षराचे दोन मार्क कापायचे.

बाकी इथे उत्तम. आज गीतेचा पंधरावा अध्याय झाला. बाहेर जिन्यात चपलांची ही गर्दी. चहा करता करता माझी दमछाक झाली.

परवचा आठवतो का म्हणे! तुला भूक लागली की तू मधली सगळी नावं गाळायचास. लक्ष म्हटलं की डोळे मिटून थेट परार्ध, आणि पाटावर जाऊन बसायचास. भाऊंची टपली पण ठरलेली. मी मात्र एकही गाळायची नाही. याही वेळी मी एकेक पायरी चढणार आहे, तेव्हा पिशवी तू भर. इथे येताना कल्याणहून अंजीर बर्फी आण.

लक्षाच्या पुढची पायरी, म्हणजे दहा लाख. माझ्याकडून: प्रयुत.

पमू


खोपट, ठाणे
२६ जुलै

पमू,

दोन मार्क काप, खुशाल काप. मोठ्या माणसाचं अक्षर मोठंच असतं.

आता ऐक. कंपनीने मला सहा महिने जपानला पाठवलं होतं, नवीन यंत्र शिकायला. तिथे लाख नाही आणि कोटीही नाही. ते लोक दहा हजारांची गाठ मारतात, तिला म्हणतात मान. आपला लाख म्हणजे त्यांचे दहा मान. मान मान करत दहा हजार मान झाले की ओकु. म्हणजे आपले दहा कोटी. मी मनात लाखात मोजायचो आणि त्यांना मानात सांगायचो. पहिल्याच आठवड्यात मी महिन्याचे सुटे भाग दहापट सांगितले. फोरमनने वाकून अभिनंदन केलं. खरं सांगायला माझ्याकडे जपानी नव्हतं, म्हणून मीही वाकलो.

पण एक गोष्ट तेव्हा कोणाला लिहिली नव्हती. सहा महिने मराठी बोलायला एक माणूस नव्हता. आपलाच आवाज विसरेन की काय असं वाटायचं. मग आंघोळीला गेलो की मोठ्याने परवचा म्हणायचो, एकपासून परार्धापर्यंत. शेजारच्या खोलीतला जपानी समजायचा, पूजा चालली आहे. तो तेवढा वेळ रेडिओ बंद ठेवायचा. हल्ली पुन्हा म्हणतो कधीकधी.

गणपतीत ये. मुद्दाम हरून टाक आणि ये, मी कोणाला सांगणार नाही. माझ्याकडून: ओकु.

दादा


ठाकुर्ली
७ ऑगस्ट

दादा,

ओकु मान्य. पण दोन पायऱ्या एकदम ओलांडल्यास, मोडायची नाही ती सवय.

"हल्ली पुन्हा म्हणतो" असं लिहिलंस. भरल्या घरात परवचा कशाला म्हणावा लागतो रे? वाक्य तीन वेळा वाचलं. की अंतराला शिकवतोस? तसं असेल तर बरं आहे.

मुद्दाम हरायचा सल्ला तुझा तुलाच ठेव. मला वर्ग आहेत. पाचदहा बायका माझ्यावर अवलंबून आहेत, त्यांना सोडून कशी येऊ? शिवाय तू पुरुषमाणूस, तुला काय, चपला घातल्या की निघालास. खालच्या मजल्यावरची कल्पिता जागा सोडून गेली. जाताना वर येऊन तिने तिची तुळस मला दिली. आता दोन कुंड्या झाल्या.

गणपतीत तू ये. उकडीचे मोदक करीन, निशावहिनीच्या हातचे नाही होणार, पण करीन.

माझ्याकडून: अब्ज.

पमू


खोपट, ठाणे
१९ ऑगस्ट

पमू,

हो, अंतराला शिकवतो. चांगली म्हणते.

गणपतीत जमणार नाही. इथे पाहुणे, आरत्या, मला हलताच येत नाही. उलट तू एकटा जीव, तुला कोण अडवतंय? पाच बायका एक रविवार गीतेशिवाय राहिल्या तर कृष्ण रागावणार नाही.

आमच्या कंपनीत एक जर्मन इंजिनिअर यायचा. त्याची आणि आमच्या इंग्रजी कागदांची कायम मारामारी. इंग्रजीत बिलियन म्हणजे हल्ली एकावर नऊ शून्यं, तुझा अब्जच तो. जर्मन त्याला मिलियार्ड म्हणतो. त्याचा बिलियन एकावर बारा शून्यांचा. तो म्हणायचा, "तुमच्या बिलियनवर माझा विश्वास नाही." मी म्हणायचो, माझा दोन्हींवर नाही, मला कोटीत सांग. तर माझा बिलियन जर्मन आहे, नीट लक्षात ठेव. तुझे खर्व, निखर्व मागे पडले. तू एकेक पायरी चढत बस.

खरंच ये गं. पैज वगैरे राहू दे बाजूला. नाही, राहू दे बाजूला असं नाही, पैज पैजेच्या जागी आहे. पण ये.

माझ्याकडून: बिलियन.

दादा


ठाकुर्ली
४ सप्टेंबर

दादा,

गणपती झाले. मोदक पाच केले, दोन मी खाल्ले, उरलेले खाली वॉचमनला दिले.

तुझं पत्र वाचून मला राग आला. "तुला कोण अडवतंय" हे किती सहज लिहिलंस. अक्षर तर आणखी मोठं, एका पानावर जेमतेम सात ओळी. भरल्या घरात बसून एकट्या बहिणीला असं ऐटीत लिहायला बरं वाटतं. मी विचार केला, याला यायचंच नाही, नुसते आकडे फेकायचेत.

सांगणार नव्हते, पण सांगते. आमची इमारत पाडणार आहेत. दसऱ्यापर्यंत सगळ्यांनी जागा रिकामी करायची आहे. माझा सुश्रुत मला नागपूरला त्याच्याकडे नेणार आहे. नवीन इमारत कधी उभी राहील आणि तोवर मी असेन का, ते देवाला माहीत. म्हणजे आता अर्धा तास उरला नाही, एक अख्खी रात्र होणार मध्ये.

तुला आठवतं का, परवच्यात अंत्य आलं की मला वाटायचं संपलं. मग भाऊ म्हणायचे, पुढे चल, अंत्याच्या पुढे मध्य आहे. केवढा आनंद व्हायचा मला, अजून निम्मं आहे म्हणून. हल्ली सारखं आठवतं.

तुझ्या बिलियनचा आपल्याकडे महापद्म होतो. त्याच्या पुढची पायरी. माझ्याकडून: शंकू.

पमू


खोपट, ठाणे
१० सप्टेंबर

पमू,

पत्र आज मिळालं.

शंकूच्या पुढचं मला काही सुचत नाही. हरलो. रविवारी सकाळी निघतो. अंजीर बर्फी आणतो.

दादा


ठाकुर्ली
१० सप्टेंबर

दादा,

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. मागचं पत्र टाकलं आणि तेव्हापासून चैन नाही. शंकू परत घेते. मला काहीएक आठवत नाही, शंकू नाही, अब्ज नाही. मी हरले.

रविवारी येते. हे पत्र माझ्या आधी पोहोचलं तर समृद्धीला सांग, फार काही करू नकोस. पोहोचलं नाही तर मीच सांगीन.

पमू


ठाकुर्ली, तुझ्या दाराबाहेर
रविवार, १४ सप्टेंबर

पमू,

तुझ्या दाराला कुलूप आहे. मी वरून दुसऱ्या पायरीवर बसून लिहितोय. ओळी वरखाली झाल्या तर मार्क काप.

मला वाटलं होतं, दार वाजवीन आणि तू म्हणशील, "आलास, हरलास." त्याऐवजी बराच वेळ कुलूपच वाजवलं. मग तुझा तो वॉचमन देवराम धापा टाकत वर आला. म्हणाला, "आजी सकाळीच गेल्या, ठाण्याला भावाकडे. सामान न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवलं." मी म्हटलं, खुर्चीत कशाला? तर म्हणाला, "होळीपासून उतरल्याच नव्हत्या ना." मी त्याला तुझ्या गीतेच्या वर्गाचं विचारलं. तो म्हणाला, वर्ग गेल्या वर्षीच तिकडे मंदिरात गेला, चार मजले कोण चढणार?

चार मजले मीही आज चढलो. एरवी इथे आलो असेन, तेव्हा जिना कधी मोजला नव्हता. प्रत्येक मजल्यावर दारांवरच्या पाट्या काढलेल्या. हात लावला की नुसते स्क्रूचे खड्डे लागतात. चपला एकाही दाराशी नाहीत. आणि मी तुला लिहिलं होतं, तुला कोण अडवतंय.

तू आता माझ्या घरी बसली असशील. म्हणजे माझंही तुला सगळं दिसलं असेल. समोरासमोर आलो की मी थट्टाच करणार, मला दुसरं येत नाही. म्हणून हे लिहून दाराखालून सरकवतो.

मी हरलो म्हटलं ते खोटं होतं. माझ्याकडे आकडा होता. शेवटच्या डावासाठी दडवून ठेवला होता, तू हरावंस आणि यावंस म्हणून. जपानीत एक आहे, गोगाशा. एकावर बावन्न शून्यं. त्याचा अर्थ माहीत आहे? गंगेची वाळू. आपल्याकडचाच तो शब्द. पोथ्यांबरोबर इथून निघाला, चीनवरून तिकडे गेला आणि तिथेच राहिला. ज्या म्हाताऱ्याने मला तो शिकवला त्याने गंगा कधी पाहिली नव्हती. मीही नाही. तरी तो शब्द ऐकला त्या दिवशी खोलीवर येऊन मी ढसाढसा रडलो होतो. आपलं काहीतरी तिथे सापडलं ना.

बर्फी देवरामला देतो, परत नेली तर वितळेल. नाही, निम्मी देतो.

दादा


ठाकुर्ली
२३ सप्टेंबर

दादा,

काल सुश्रुत मला घरी घेऊन आला, वर पुन्हा खुर्चीतूनच. उद्या सामान जाणार आहे. दार उघडलं आणि तुझं पत्र पायाखाली आलं. आठ दिवस मी तुझ्याकडे राहिले, रोज तू थट्टा केलीस, आणि या पत्राबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. तू म्हणजे ना!

आता माझंही ऐक, कारण मलाही तोंडाने जमलं नाही. त्या रविवारी समृद्धीने मला तुझ्या खोलीत बसवलं. टेबलावर हातभर मोठं भिंग. जाड काळी पेनं, अंतरा चित्रांना वापरते तसली. कागदांवर समृद्धीने पट्टीने आखलेल्या जाड रेघा. पोरीने सांगितलं, "आत्या, बाबांना मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते." म्हणजे ते तोऱ्याचं, दोन मार्क कापायचं, ऐटीचं, सगळं तिने तुला मोठ्याने वाचून दाखवलं. आणि तू उलट लिहिलंस, मोठ्या माणसाचं अक्षर मोठंच असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि तुझं ते भरलेलं टेबल मी आठ दिवस पाहिलं. वाईट कोणीच नाही रे. केदार दहाला येतो, समृद्धी फोनवर मीटिंग करता करता पोळ्या लाटते, अंतरा ताट खोलीत नेते. तू साडेसातला एकटा जेवतोस आणि ताट विसळून ठेवतोस. पहिल्या रात्री मी समोर बसले तर तुझा घास हातात तसाच राहिला. तू म्हणालास, मीठ जास्त झालंय. नव्हतं झालेलं.

मला एवढं कळत नाही, आपण दोघं कोणाला घाबरत होतो? मी सांगितलं असतं की जिना उतरवत नाही, तर तू रांगत आला असतास. म्हणूनच नाही सांगितलं. तुझंही तसंच असणार.

तुळशीच्या दोन्ही कुंड्या देवरामला दिल्या. कुलूप लावायचं तेवढं राहिलंय. तुझं हे पत्र मात्र बरोबर नेते.

पमू


नागपूर
२८ ऑक्टोबर

दादा,

जाड पेन मीही आणलं.

हे तू स्वतः वाच. समृद्धीला देऊ नकोस.

एका पानावर पाच ओळी बसतात. सुश्रुत म्हणतो, आई, वही संपव.

इथे नववा मजला आहे. लिफ्ट आहे. पण उतरून जायचं कुणाकडे?

सगळे चांगले आहेत. सगळे कामात आहेत. संध्याकाळी मी गॅलरीत परवचा म्हणते. मोठ्याने.

नवी पैज. आता उलटं. वरून खाली. आधीच्यापेक्षा लहान.

जो एकावर येईल त्याने दुसऱ्याच्या घरी जायचं.

फार घाई नाही. सावकाश खेळू.

माझ्याकडून: परार्ध.

पमू


खोपट, ठाणे
६ नोव्हेंबर

पमू,

पत्र मी स्वतः वाचलं. कागद जरा तिरका धरला की कडेने दिसतं. एक अख्खी दुपार लागली. इतकी चांगली दुपार बऱ्याच दिवसांत गेली नव्हती.

मग हिशेब केला. परवच्यात नावं अठरा. तू परार्ध घेतलास, मला मध्य, तुला अंत्य, मला जलधी. असं उतरत गेलं की एक बरोबर माझ्या वाट्याला येतो. मास्तरीणबाई, हे तुम्ही आधीच मोजून ठेवलं होतंत. आणि वर म्हणतेस, घाई नाही! एकेक पत्राला दहा दिवस धर, म्हणजे मी कधी पोहोचणार ते तूच बघ.

पण तू नियम नीट लिहिला नाहीस. आधीच्यापेक्षा लहान, एवढंच म्हटलं आहेस. पायऱ्या गाळायच्या नाहीत असं कुठेही नाही. मला भूक लागली आहे. भाऊ असते तर टपली मारली असती, मारू देत.

केदारने माझं आणि अंतराचं तिकीट काढलं आहे. तीच म्हणाली, आबा, मी नेते. खालचा बर्थ मिळाला. पुढच्या शनिवारी सकाळी पोहोचतो. बर्फी या वेळी अख्खी आणतो. तू खाली उतरू नकोस, नववा मजला मी शोधून काढीन.

माझ्याकडून: एक.

दादा